छत्रपती संभाजीनगरहून मुंबई पाहायला जाताना

छत्रपती संभाजीनगर ते मुंबई हे अंतर रेल्वेने सुमारे पावणेचारशे किलोमीटर आहे. रात्री जेवून गाडीत बसले की सकाळी मुंबई. तरीही मराठवाड्यातल्या बहुतेक कुटुंबांनी मुंबई पाहिलेली असते ती कामाच्या निमित्ताने: मंत्रालयात अडकलेली फाइल, परळच्या टाटा रुग्णालयातली तपासणी, मुलाची मुलाखत, नाहीतर सहा डिसेंबरची चैत्यभूमी. काम आटोपल्यावर उरलेल्या अर्ध्या दिवसात गेटवे आणि चौपाटी उरकली जाते आणि मंडळी परतीच्या गाडीला लागतात. मुंबई मुद्दाम पाहायची असेल तर आखणी वेगळी करावी लागते. ती दोन वेळापत्रकांवर बेतावी लागते. एक लोकलच्या गर्दीचे, दुसरे समुद्राच्या भरती-ओहोटीचे. संभाजीनगरच्या माणसाला या दोन्हींची सवय नसते आणि मुंबईत त्याचे दिवस वाया जातात ते बहुधा यांपैकी एकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

घरची सवयही आड येते. संभाजीनगरात पाहुणे आले की एक गाडी ठरवायची. दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि परतताना बीबी का मकबरा नि पाणचक्की असा सगळा फेरा एका दिवसात होतो. हाच हिशेब मुंबईला लावून दिवसभराची गाडी ठरवणारे कुटुंब अर्धा दिवस सिग्नलवर काढते आणि उरलेला गाडी कुठे उभी करायची या विवंचनेत. मुंबईत एका दिवशी शहराचा एकच भाग घ्यावा आणि तो रेल्वेने, मेट्रोने व पायी पाहावा.

जाण्याची वाट

मनमाड ते औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हा मार्ग १९९२ मध्ये ब्रॉडगेज झाला. त्याआधी निझामाच्या काळापासूनची, १९०० साली सुरू झालेली मीटरगेज होती आणि मुंबईच्या प्रवाशाला मनमाडला बोचकी उतरवून गाडी बदलावी लागे. जुन्या पिढीच्या आठवणीत मुंबईइतकेच मनमाडचे फलाटही असतात ते यामुळे. आता थेट गाड्या आहेत. रात्रीच्या प्रवासासाठी देवगिरी एक्स्प्रेस वर्षानुवर्षे लोकांच्या पसंतीची आहे. ती सकाळी सातच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, म्हणजे सीएसएमटीला पोहोचते आणि लोकलची खरी गर्दी सुरू व्हायच्या आत प्रवासी मुक्कामी जाऊ शकतो. नंदिग्राम एक्स्प्रेसही रात्रीचीच. दिवसाच्या गाड्यांमध्ये जनशताब्दी सकाळी निघून दुपार कलताना पोहोचते. तपोवन मात्र मुंबईत शिरते ती रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी खोली आधीच ठरवलेली नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये. जालना–मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवली गेली. तेव्हा तिच्या वेळा बदलल्या, म्हणून जुन्या आठवणीवर विसंबून स्टेशन गाठू नये. तिकीट काढताना आणखी एक बदल ध्यानात असावा. ऑक्टोबर २०२५ पासून रेल्वेच्या नोंदीतही स्थानकाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले असून त्याची सांकेतिक अक्षरेही बदलून सीपीएसएन अशी झाली आहेत.

दिवसाच्या गाडीने जाण्याचा एक फायदा रात्रीच्या गाडीला नाही, तो म्हणजे घाट. इगतपुरीपासून कसाऱ्यापर्यंत गाडी थळ घाट उतरते. हा उतार ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. उलट दिशेने चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावावी लागतात. पावसाळ्यात या पट्ट्यात खिडकी सोडवत नाही. कसारा हे मुंबईच्या लोकल सेवेचे मध्य मार्गावरचे एक टोक आहे, म्हणजे संभाजीनगरचा प्रवासी सह्याद्री उतरला की मुंबईच्या लोकल शेजारच्या रुळांवर दिसू लागतात. पुढे कल्याण लागते. सातवाहनांच्या काळात प्रतिष्ठानहून, म्हणजे आजच्या पैठणहून निघालेला माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत जात असे. मराठवाड्यातून समुद्राकडे जाणारी वाट दोन हजार वर्षे साधारण याच दिशेने उतरते आहे.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. संभाजीनगरकरांना सावंगी किंवा माळीवाडा येथून त्यावर चढता येते आणि भिवंडीजवळच्या आमणे येथे तो संपतो. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा कसारा घाटाची कटकट वाचवतो. या रस्त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर डुलकी लागते आणि टायर तापतात; निघण्यापूर्वी टायरची हवा तपासणे आणि मध्ये थांबणे याला पर्याय नाही. महामार्गावर वाचलेला वेळ पुढे भिवंडी–ठाणे पट्ट्यात परत द्यावा लागतो, हेही गृहीत धरावे. ठाणे, कल्याण किंवा नवी मुंबईत नातेवाईक असतील तर गाडी त्यांच्या इमारतीत ठेवून पुढे लोकलने जाणे सर्वांत शहाणपणाचे. खासगी रात्रबसने जाणाऱ्यांनी बस नेमकी कुठे सोडते ते आधी विचारून घ्यावे. ‘मुंबई’ असे तिकिटावर छापलेले असते, पण सायनला उतरणे आणि बोरिवलीला उतरणे यात मोठाच फरक पडतो.

शहराचा आकार आणि लोकलचे घड्याळ

मुंबई मुळात सात बेटांची. भर घालून ती जोडली गेली आणि पुढे उत्तरेकडे साष्टी बेटावर पसरली. त्यामुळे शहर दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. रेल्वेचे पश्चिम आणि मध्य हे दोन मुख्य मार्गही तसेच दक्षिणोत्तर धावतात. पश्चिम मार्ग चर्चगेटहून निघतो, मध्य मार्ग सीएसएमटीहून, आणि दोघांची मोठी गाठ दादरला पडते. हार्बर मार्ग सीएसएमटीहून पनवेल आणि गोरेगावकडे जातो. दक्षिणोत्तर प्रवास सोपा, आडवा प्रवास त्रासाचा, हे एकदा ध्यानात आले की आखणी आपोआप सुधारते. गेटवे आणि बोरिवलीची कान्हेरी लेणी एकाच दिवशी बसवू नयेत. चर्चगेट, ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्ह मात्र पायीच जोडले जातात.

कचेऱ्या दक्षिणेला आणि मध्यभागी, घरे उत्तरेला. म्हणून सकाळी साधारण आठ ते अकरा लोंढा दक्षिणेकडे येतो आणि संध्याकाळी पाच ते नऊ तो उत्तरेकडे परततो. पर्यटकाने या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने प्रवास करावा. दादरला किंवा दक्षिण मुंबईत मुक्काम असेल तर सकाळी बोरिवलीकडे जाणाऱ्या गाडीत बसायलाही जागा मिळते. डोंबिवली-कल्याणला नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांचे मात्र गणित उलटे पडते. त्यांनी सकाळी साडेसहाच्या आत निघावे किंवा अकराच्या पुढे. नऊच्या लोकलमध्ये लहान मुले आणि बॅगा घेऊन चढण्याचे धाडस मुंबईकरही करत नाहीत.

लोकल धीमी की जलद हे फलाटावरच्या दर्शकावर दिसते. जलद गाडी ठरावीक स्थानकांवरच थांबते; चुकून तीत बसल्यास उतरायचे स्थानक मागे पडते. विरार जलदमध्ये अंधेरी किंवा बोरिवलीला उतरण्यासाठी चढू नये. नियमाने बंदी नाही, पण डब्यातली माणसे ती घालतात आणि दाराजवळ पोहोचू देत नाहीत. महिलांचे डबे वेगळे असतात, डब्यावर खूण असते आणि पुरुषाने चुकून चढल्यास दंड होतो. कुटुंबाने दोन डब्यांत विभागून बसायचे असल्यास कोणत्या स्थानकावर उतरायचे आणि फलाटावर कुठे भेटायचे हे चढण्याआधी ठरवावे. धक्क्याधक्कीत फोन लागेलच असे नाही. गर्दीच्या वेळी दादरला उतरायचे असेल तर एक-दोन स्थानके आधीच दाराकडे सरकावे लागते. दारात लटकणे मात्र कोणत्याही वेळी टाळावे. तिकीट मोबाइलवर किंवा स्थानकातल्या यंत्रावर काढता येते, आणि दिवसभर भटकायचे असेल तर रेल्वेचे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीटही मिळते. रविवारी गर्दी कमी असते खरी, पण त्याच दिवशी देखभालीसाठी मेगाब्लॉक असतो. कोणत्या मार्गावर किती वाजेपर्यंत, हे शनिवारच्या वर्तमानपत्रात पाहून ठेवावे.

पर्यटकाच्या दृष्टीने अलीकडचा सर्वांत मोठा बदल म्हणजे भुयारी मेट्रो ३. आरे ते कफ परेड ही साडेतेहेतीस किलोमीटरची, २७ स्थानकांची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधानभवन या सगळ्यांना तिने एका धाग्यात आणले आहे. चिकलठाण्याहून विमानाने येणाऱ्याला विमानतळावरून थेट गिरगाव गाठता येते. लोकलच्या गर्दीची ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी मुक्काम आणि ठिकाणे मेट्रो ३ च्या आसपासच निवडावीत. मुंबईत मुरलेले लोक याला आळशीपणा म्हणतील, म्हणोत.

रिक्षा शीव-माहीमच्या दक्षिणेला चालत नाहीत. तिथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. संभाजीनगरात रिक्षात बसण्याआधी भाव ठरवण्याची रीत आहे. मुंबईत मीटरने जाण्याची. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आणि टॅक्सीचे ३१ रुपये आहे. मोठ्या स्थानकांबाहेर ‘फिक्स रेट’ सांगणारे भेटतात, त्यांना ओलांडून थोडे पुढे चालावे.

मुक्कामासाठी दादर उत्तम. दोन्ही रेल्वेमार्ग, मेट्रो, मराठी खाणावळी, शिवाजी पार्क आणि समुद्र सारे पायी अंतरावर आहे आणि मराठवाड्याच्या गाड्याही दादरला थांबतात. फोर्ट-कुलाब्याकडचे लॉज महाग पडतात, पण दोनच दिवस हाताशी असतील तर वेळ वाचवून ते पैसे वसूल करतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादरला खोली मिळण्याची आशा धरू नये. महापरिनिर्वाण दिनासाठी राज्यभरातून, त्यातही मराठवाड्यातून लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभे केले, तिथल्या माणसाला चैत्यभूमी आणि हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ यांची वाट सांगावी लागत नाही. निवांतपणे पाहायचे असेल तर मात्र इतर दिवस निवडावेत.

समुद्राचे घड्याळ

समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराचे दिवस असतात. किनाऱ्यावरच्या लोकांकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा आहे: तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. अष्टमीला आठ गुणिले तीन भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात. उत्तर अंदाजे असते, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून घरबसल्या दिवस निवडायला तेवढे पुरते. नेमकी वेळ वर्तमानपत्रांत आणि हवामानाच्या बातम्यांत मिळते.

हे गणित ठिकाणांशी थेट जोडलेले आहे. हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारी वाट मोठ्या भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून तिथे ओहोटीच्या वेळी जावे आणि वेळेत परतावे. ओहोटीला जुहूची वाळू दूरवर उघडी पडते आणि मुले मनसोक्त खेळतात. भरतीला तीच जागा निम्म्याने आखडते. मरीन ड्राइव्हचे रूप मात्र भरतीलाच खुलते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून मोठी भरती असेल तर लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. त्या पाहाव्यात त्या मागे, पदपथावर उभे राहून. कठड्याबाहेर टाकलेल्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवर उतरणे हा जिवाशी खेळ आहे: शेवाळाने ते निसरडे असतात आणि मधल्या फटीत अडकलेल्या माणसाला बाहेर काढणे अग्निशमन दलालाही जड जाते.

विहिरीत किंवा तळ्यात पोहणाऱ्यांचा समुद्राबाबत हमखास गैरसमज होतो. विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. समुद्र मात्र ओढतो, आणि ओहोटी लागल्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळूही सरकते. मालाडजवळच्या अक्सा किनाऱ्यावर याच कारणाने वर्षानुवर्षे बळी गेले आहेत. मुंबईच्या किनाऱ्यांवर पाय भिजवावेत, पोहू नये. पावसाळ्यात गिरगाव आणि जुहूच्या वाळूवर निळसर, फुग्यासारखे विषारी जीव येऊन पडतात. अनवाणी मुलांना ते उचलू देऊ नयेत.

पर्यटनासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एप्रिल-मेमध्ये मुंबईचा पारा संभाजीनगरपेक्षा पाच-सात अंशांनी खाली असतो, पण त्याने हुरळून जाऊ नये. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम लगेच सुकतो. दमट मुंबईत तो अंगावरच राहतो आणि माणूस लवकर गळतो. सुती, सैल कपडे आणि पाण्याची बाटली हवीच. पावसाळ्याचे आकर्षण असेल तर जुलैमधले चार दिवस हाताशी जादा ठेवून जावे. संभाजीनगरात वर्षभरात सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. असे दिवस विरळा, पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा थांबतो आणि लोकल अडकतात. अशा दिवशी पर्यटकाने खोलीतच बसावे.

वेरूळच्या माणसाने पाहायची लेणी

मुंबईत लेणी पाहण्यात वेळ का घालवायचा, वेरूळ तर घराशेजारी आहे, असे संभाजीनगरात सहज म्हटले जाते. खरे तर वेरूळ पाहिलेल्या माणसाला मुंबईजवळच्या बेटावरची घारापुरी जितकी कळते तितकी इतर कोणाला कळत नाही. वेरूळचे २९ क्रमांकाचे लेणे, धुमार लेणे, आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांची मांडणी एकमेकांशी कमालीची जुळते. चारही बाजूंनी दारे असलेला, द्वारपालांनी राखलेला लिंगाचा गाभारा सभामंडपात. भोवती जाडजूड खांब. आणि भिंतींवर कैलास हलवणारा रावण, अंधकासुराचा वध, शिव-पार्वतीचा विवाह हे भव्य शिल्पपट. धुमार लेण्यात जे पाहिले ते घारापुरीत आणखी खोलवर, अधिक शांत रूपात भेटते. घारापुरीचे वेगळेपण म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीतली साडेपाच मीटरच्या आसपास उंचीची, तीन मुखे दिसणारी सदाशिवाची मूर्ती. सहाव्या शतकाच्या सुमाराचे हे काम. वेरूळचे कैलास लेणे त्यानंतर, राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात खोदले गेले. म्हणून जाण्याआधीच्या रविवारी एकदा धुमार लेणे पाहून घ्यावे. कैलास पाहून दमलेले बहुतेक लोक तिथवर पोहोचतच नाहीत.

घारापुरीच्या बोटी गेटवेवरून सकाळी नऊपासून सुटतात आणि तासाभरात बेटावर पोहोचवतात. पहिल्या-दुसऱ्या बोटीने जावे. ऊन चढायच्या आत पायऱ्या संपतात आणि लेण्यात उजेडही चांगला असतो. धक्क्यापासून छोटी रेल्वे आहे, पुढे सुमारे १२० पायऱ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी डोलीवाले मिळतात. माकडे हातातली पिशवी ओढतात, खाण्याचे पदार्थ बाहेर काढू नयेत. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारून ठेवावे. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेजवळ झालेल्या बोट अपघातात पंधरा जणांचा जीव गेला, तेव्हापासून जीवरक्षक जॅकेटबाबत कडक सूचना आहेत. जॅकेट मिळाले नाही तर मागून घ्यावे, आणि बोट खचाखच भरलेली दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. वेरूळ मंगळवारी बंद असते, घारापुरी सोमवारी. घरच्या सवयीने सोमवार निवडणारा गेटवेवरूनच परत फिरतो.

पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिले ते तिथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता बेटावर नाही. भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. राणीची बाग बुधवारी बंद असते. मुले बरोबर असतील तर पेंग्विनच्या निमित्ताने तिथे जाणे होतेच, तेव्हा हत्तीही पाहून घ्यावा.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी यापेक्षाही दुर्लक्षित आहेत. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद. प्रवेशद्वारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, बस मिळते. शंभराहून अधिक लेणी असलेली ही बौद्ध भिक्षूंची वसाहत इसवी सनाच्या सुरुवातीपासून हजार वर्षे नांदती होती. तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहातला लेख पैठणच्या सातवाहनांपैकी यज्ञश्री सातकर्णी याच्या काळचा आहे. डोंगरभर खोदलेली पाण्याची टाकी आणि त्यांना पाणी पोहोचवणारे दगडातले पाट पाहताना पाणचक्की आणि नहरींच्या शहरातला माणूस थबकतो. इथल्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर भक्तांना संकटांतून सोडवतो असा शिल्पपट आहे. तसाच पट संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत, सातव्या क्रमांकाच्या लेण्यात आहे, आणि दोन्हीकडे त्या संकटांमध्ये बुडते जहाजही कोरलेले आहे. समुद्रापासून इतक्या दूर, औरंगाबादच्या डोंगरात जहाज का कोरले गेले असेल, याचे उत्तर सोपारा-कल्याणच्या बंदरांत सापडते: लेण्यांना दान देणारे व्यापारी समुद्रावर माल पाठवत होते.

दक्षिण मुंबईचा एक दिवस

सोमवार मोकळा राहतो तो फोर्टसाठी ठेवावा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडे असते. सुरुवात सीएसएमटीपासूनच करावी. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी गाडी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने आखलेली सध्याची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. उतारू म्हणून शेकडो वेळा तिथून गेलेल्यांनीही ती पाहिलेली नसते. समोरच्या पदपथावर उभे राहून दारावरचे सिंह-वाघ आणि भिंतींतून डोकावणारे दगडी प्राणी न्याहाळावेत. त्यांतले बरेच कोरीवकाम सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केले.

तिथून हुतात्मा चौक दहा-पंधरा मिनिटांवर. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या हुतात्म्यांचे हे स्मारक. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात; त्यामुळे हे स्मारक त्याचेही आहे. पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा या गॉथिक इमारती, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलसर सज्ज्यांच्या आर्ट डेको इमारती. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानाच्या मधल्या वाटेवरून चालताना दोन्ही एका नजरेत येतात आणि त्याला तिकीट लागत नाही. दुपारचे ऊन संग्रहालयात काढावे, शेजारीच जहांगीर कलादालन आहे. मग गेटवे. जॉर्ज विटेटने आखलेले हे द्वार १९२४ मध्ये पूर्ण झाले आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच द्वारातून निघून गेली. संध्याकाळ मरीन ड्राइव्हवर. या वेळी लोकल ओसंडत असतात, तेव्हा साडेनऊपर्यंत कठड्यावर बसून राहणे हाच उत्तम बेत.

मंत्रालयाचे काम जोडून येणाऱ्यांनी ते पहिल्या दिवशी संपवावे. फाइल पुढे सरकेल या आशेवर पर्यटन ठेवले की दोन्ही बुडतात.

खाण्याची मुंबईत वानवा नाही. नान-खलियावर वाढलेल्या जिभेला रमजानमधला मोहम्मद अली रोड ओळखीचा वाटेल. शाकाहारी मराठी पदार्थांसाठी दादरचे ‘प्रकाश’ किंवा ‘आस्वाद’. ताज्या माशासाठी गिरगाव-दादरच्या मालवणी आणि गोमंतकी खाणावळी. मासे खाण्याची सवय नसलेल्याने काटेरी माशांच्या वाटेला एकदम न जाता पापलेटपासून सुरुवात करावी. फोर्ट भागातली उरलीसुरली इराणी हॉटेले बंद पडायच्या आत एकदा पाहावीत.

परतीच्या गाड्यांपैकी रात्रीची देवगिरी पहाटे चारच्या आसपास संभाजीनगरला पोहोचते आणि पुढे जालना-परभणीकडे निघून जाते, म्हणून मोबाइलवर गजर लावूनच झोपावे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. दिवाळी, मे महिना आणि डिसेंबरचा पहिला आठवडा या काळात परतीचे तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढावे. ते न मिळाल्यास तारीख बदलावी, कारण मुंबईहून मराठवाड्याकडे जाणारी रात्रीची खासगी बस याच दिवसांत सर्वांत महाग असते.